भाडं थकवण्याचा हक्क

गोंदियात राहून शुद्ध मराठी बोलणं हा तसा जरा संशयास्पदच प्रकार आहे. आमच्या बाजारात भाव हिंदीत होतो, भांडण हिंदीत होतं आणि समेटही 'चलो, जाने दो' म्हणूनच होतो. गावाबाहेर पडलं की पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि झाडीबोली अशा सगळ्या बोली एकाच बसस्टॉपवर भेटतात. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. मग तो द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला आणि 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा निघून त्याने आपला जिल्हा मांडला. इतक्या वेळा बिऱ्हाड हलवल्यावर भाषेची थोडी सरमिसळ होणारच.

अशा गावात मी शाळेत मराठी शिकवलं आणि त्याच कामावरून निवृत्त झालो. आडनाव शेख. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, कौतुकाने मान हलवतो आणि म्हणतो, "सर, तुमचं मराठी तर आमच्याहून चांगलं आहे जी!" मराठीच्या मास्तराचं मराठी चांगलं असणं ही कौतुकाची बाब कशी, हे मला आजवर उमगलेलं नाही. आमच्या गणिताच्या सरांना 'तुम्हाला पाढे छान येतात हो' असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. गावात तीन पिढ्या राइस मिल चालवणारे शेठजी आहेत. मराठीत ते फक्त 'नमस्कार' आणि 'या' एवढंच बोलतात. ते इथलेच आहेत, याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. माझ्याही मनात नाही. मी मात्र ओवी म्हटली की इथला होतो आणि ओवी अडखळली की पुन्हा चौकशीला पात्र ठरतो.

पुण्याला गेलं की पंचाईत दुहेरी होते. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघून कोल्हापूरला पोचते. तेराशेहून जास्त किलोमीटरचा हा प्रवास सगळा एकाच राज्यातला. एवढं राज्य ओलांडून पुण्यात उतरावं आणि कोणी विचारावं, "गोंदिया? ते छत्तीसगडमध्ये ना?" म्हणजे आधी गोंदिया महाराष्ट्रात आहे हे पटवायचं आणि मग मी गोंदियाचा आहे हे. दुसरं पटवणं जास्त कठीण जातं, कारण त्यासाठी नकाशा उपयोगी पडत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. 1990 साली सोलापुरात मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं. तरी दर पिढीत आमचं मराठी लोकांना नव्याने नवल वाटतं. टिकाऊ नवल म्हणायचं हे.

कौतुक तिथेच थांबलं तर मी ते खिशात घालून घरी गेलो असतो. पण त्याला एक शेपूट असतं. "खरं सांगू का सर, तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही." हे वाक्य बोलणारा नेहमी प्रेमाने बोलतो. चहाही तोच पाजतो. त्यामुळे रागावण्याची सोय राहत नाही. मी कसनुसं हसतो आणि चहा पितो. चहा चांगला असतो.

रमजान आला की बरोबर प्रश्नांचाही महिना येतो. आमचं वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं आणि त्याला अधिक मासाचा टेकू नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहेतीसएक वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. 2018 च्या आसपास तो ऐन मे महिन्यात आला होता. गोंदियातला मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसं पहाटेच जंगलात शिरतात आणि उन्हं चढायच्या आत पानं घेऊन परततात, कारण नंतर तिथे उभंही राहवत नाही. अशा दिवसांत शेजारच्या काकू कुंपणावरून रोज विचारायच्या, "पाणीसुद्धा नाही का जी?"

"नाही, काकू."

"मग साबुदाणा?"

साबुदाणा चालत नाही असा उपास असू शकतो, हे काकूंच्या कल्पनेबाहेरचं होतं. थोडा वेळ थांबून त्यांनी आवाज खाली आणला आणि "भगर?" असंही विचारून पाहिलं. मी त्यांना खरं ते सांगितलं, की दिवसभराची सगळी वसुली आम्ही संध्याकाळी भज्यांवर करतो. काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या एकादशीसारखंच की! दुप्पट खाशी!" दोन धर्मांच्या तौलनिक अभ्यासात याहून नेमका निष्कर्ष माझ्या वाचनात नाही.

चंद्राच्या बाबतीत मात्र काकू आमच्या पुढे आहेत. त्यांच्या संकष्टीचा चंद्रोदय कालनिर्णयात मिनिटासकट छापलेला असतो. 1973 पासून हे कॅलेंडर घराघरांत लटकतं आहे आणि त्यात आमचे सणही असतात. पण छापील चंद्रावर आमचा भरवसा नाही. तो डोळ्यांनी दिसल्याशिवाय महिना बदलत नाही. एकोणतिसाव्या रोज्याला सगळा मोहल्ला गच्चीवर असतो, आणि ज्याला चष्म्याशिवाय समोरची बस दिसत नाही त्यालाच ढगाआडची कोर सगळ्यात आधी दिसते. तेवढ्यात काकूंचा फोन येतो, "दिसला का जी? उद्या मी स्वयंपाक करू की नको?" ईदच्या चंद्राशी त्यांचा संबंध इतका व्यावहारिक आहे.

हा चंद्र कधीकधी दोघांनाही अडचणीत टाकतो. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मुसलमानांनी ठरवलं की त्या दिवशी कुर्बानी नको. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, त्यामुळे देवही खोळंबला नाही. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा मुंबईतला जुलूस एक दिवस पुढे ढकलला गेला. चंद्राने घातलेला घोळ माणसांनी चहा पिता पिता सोडवला. अशा बातम्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतात. पहिल्या पानावर यायला घोळ सुटून चालत नाही.

ईदच्या शिरखुर्म्यात चारोळी पडते ती देवरी-सालेकसाच्या जंगलातली. खजूर तेवढा परदेशी. बिर्याणीला तांदूळ अर्थातच इथला. भाताच्या जिल्ह्यात राहून दुसरीकडचा तांदूळ आणणं म्हणजे विहिरीशेजारी राहून पाण्याची बाटली विकत घेणं. आमच्या पूर्व विदर्भात एक बारीक, चवीचा तांदूळ फार चालतो. त्या वाणाचं नाव 'जय श्रीराम'. ईदच्या आधी मी दुकानात जातो आणि म्हणतो, "दहा किलो जय श्रीराम द्या." दुकानदार मान वर न करता तोलून देतो. हे नाव कुठे कुठे कोणाकोणाकडून जबरदस्तीने म्हणवून घेतात, अशा बातम्या मी वाचतो आणि मला त्या जबरदस्ती करणाऱ्यांची कीव येते. आमच्याकडे असल्या खटाटोपाची गरजच पडली नाही. भात मोकळा होतो म्हणून आम्ही आपणहून मागून घेतो, वर पैसेही देतो.

निवृत्त माणसाला फावला वेळ असतो असा समज आहे, त्यामुळे मला आपोआप एक बिनपगारी पद मिळालं आहे. मी वीस कोटी लोकांचा प्रवक्ता आहे. नाक्यावर उभा राहिलो की देशात कुठे काय झालं त्याचा खुलासा माझ्याकडे मागितला जातो. कुठे स्फोट झाला की लोक टीव्हीवरची बातमी संपायची वाट बघत नाहीत, थेट माझ्याकडे बघतात. मी तत्परतेने निषेध करतो. निषेध खरा असतो. पण तो जरा उशिरा झाला, आवाज जरा कमी पडला, असं समोरच्याच्या डोळ्यांत दिसतं. 2006 साली मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, माणसं मेली आणि पकडलेही मुस्लीम तरुणच. 2016 साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तेव्हा मी नाक्यावर मुद्दाम जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. प्रवक्त्याला सुटी होती.

"तुमच्यात चार चालतात ना?" हा दुसरा नेमाचा प्रश्न. विचारणाऱ्याच्या आवाजात निषेधापेक्षा हेवा जास्त असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण मुसलमानांत शंभरात 1.9 होतं आणि हिंदूंत 1.3. हा फरक मी फळ्यावर लिहून दाखवायलाही तयार आहे. "तुमची मुलं मदरशातच जातात ना?" सच्चर समितीने 2006 साली सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी शंभरात तीन-चारच मदरशात जातात. त्याच अहवालात हेही होतं की लोकसंख्येत तेरा टक्क्यांहून जास्त असलेला हा समाज आयएएस अधिकाऱ्यांत तीनच टक्के आहे. पण असे आकडे नाक्यावर टिकत नाहीत. नाक्यावर चुलतभावाच्या मित्राने सांगितलेली गोष्ट टिकते.

सगळ्यात अवघड परीक्षा क्रिकेटची. मला क्रिकेट अजिबात कळत नाही. लेग बाय हा काय प्रकार आहे, हे दोनदा समजावून घेऊनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या कोणी असं सांगितलं तर लोक हसून सोडून देतात. मला ही चैन परवडत नाही. भारत-पाकिस्तान सामना असला की मी वेळेवर टीव्हीसमोर बसतो आणि शेजारच्या घरातून ओरडा झाला की मागोमाग ओरडतो. एकदा रिप्ले चालू असताना ओरडलो. पण देशभक्तीत जास्तीचे गुण कापत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं आणि मी नेतो. पण माझा मुलगा शहरात नोकरीला लागला आणि घर शोधू लागला, तेव्हा मला एक नवं शास्त्र शिकायला मिळालं. फोनवर घर रिकामं असतं. हवेशीर असतं, चोवीस तास पाणी असतं, 'उद्याच येऊन बघा' असं निमंत्रणही असतं. मग पलीकडून विचारतात, "नाव काय म्हणालात?" आणि त्या एका वाक्याच्या अवधीत ते घर गेलेलं असतं. इतक्या वेगाने घरं जाताना पाहून मला बांधकाम व्यवसायाच्या भरभराटीचं कौतुक वाटलं. एका मालकांनी मात्र मोकळेपणाने सांगितलं, "माझं काही नाही हो, पण शेजारी ऐकत नाहीत." मुलगा शेजाऱ्यांनाही भेटला. शेजारी म्हणाले, "आमचं काय असणार? पण सोसायटीचा नियम आहे." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "असा काही नियम नाही. पण मालकांची इच्छा दिसत नाही." त्या इमारतीत एकाही माणसाची हरकत नव्हती आणि घर काही मिळालं नाही. मालक, शेजारी आणि सेक्रेटरी तिघेही सज्जन होते. निदान मुलाचं तरी तसंच मत झालं.

हे माझ्या मुलाचं नशीब म्हणून मी सोडून दिलं असतं. पण सुखदेव थोरात या आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अर्थशास्त्रज्ञाने हे मोजून ठेवलं आहे. 2007 साली त्यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले आणि फक्त नावं बदलली. काही नावं सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुसलमान. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला कमी निघाली आणि मुसलमान नावाला तर सवर्ण नावाच्या जवळपास एक-तृतीयांशावर आली. पुढे 2015 मध्ये थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचाही असाच हिशेब मांडला. फोनवरच नकार ऐकणाऱ्यांत मुसलमान दहांतले तीन होते. सवर्ण नावाला घर दाखवायला कोणी नाही म्हटलं नाही. म्हणजे माझ्या मुलाला भेटलेले ते सज्जन मालक एकटे नव्हते. सज्जनांची संख्या बरीच मोठी आहे.

अशा वेळी मला ताजुद्दीन बाबा आठवतात. कामठीत जन्मलेल्या या फकिराला लोकांनी वेडा ठरवलं आणि 1892 साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथेही भक्तांची रीघ लागली. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेलं. भाडेकरू मुसलमान, व्यवसायाने फकीर, आधीचा पत्ता वेड्यांचं इस्पितळ. आजच्या कुठल्या सोसायटीत हा अर्ज टिकला असता? राजाने शेजाऱ्यांना विचारल्याची नोंद नाही. 1925 साली बाबा गेले. आजही उरुसाला आमच्या गोंदियाहून, बालाघाटहून, छत्तीसगडहून गाड्या भरभरून लोक ताजबागेत जातात आणि त्यांत कपाळावर टिळा असलेले कमी नसतात.

मुलाला शेवटी घर मिळालं. एका म्हाताऱ्या विधवा आजींनी दिलं. त्यांनी नाव विचारलंच नाही. 'रात्री दहानंतर गिझर लावायचा नाही' एवढी एकच अट घातली. मी त्याला भेटायला निघतो तेव्हा आमच्या घरी डब्यावरून चर्चा होते. पूर्वी बायको खिमा-पाव किंवा शामी कबाब बांधून द्यायची आणि रात्रीपर्यंत निम्मा डबा डब्यातल्या प्रवाशांच्या पोटात गेलेला असायचा. 2024 च्या ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध प्रवाशाला बरणीतल्या मांसाच्या संशयावरून सहप्रवाशांनी मारहाण केली. मुलीकडे निघाला होता बिचारा. त्या चित्रफितीनंतर आमच्या डब्यात बटाट्याची भाजी असते. बायको झाकण लावताना काही बोलत नाही आणि मीही विचारत नाही. मुलाने मध्यंतरी दाढी राखली होती. 2014 साली हडपसरला रात्री नमाज पढून परतणारा सोलापूरचा एक आयटीतला मुलगा दाढी-टोपीवरून ओळखून जमावाने मारला होता. बायकोने मुलाला फोनवर एवढंच म्हटलं, "दाढी तुला शोभत नाही रे." त्याने काढून टाकली. ती त्याला चांगली शोभत होती.

आता सगळं गाऱ्हाणं बाहेरच्यांचंच सांगितलं तर ते एकतर्फी होईल. 'आमच्यात जातपात नाही' असं आम्ही मशिदीत एका रांगेत उभं राहून म्हणतो आणि लग्न जमवताना विसरतो. सय्यदांची मुलगी पिंजाऱ्यांकडे द्यायची वेळ आली की सगळ्यांना अचानक खानदान आठवतं. बायकांच्या बाबतीत तर आम्ही फारच निवांत होतो. 18 एप्रिल 1966 रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी सात मुस्लीम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, एवढी मागणी होती. 1970 मध्ये त्यांनी मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढलं. तेव्हा समाजाने त्यांना दगड मारले, शिव्या दिल्या. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो 2017 मध्ये. सात बायकांचं म्हणणं ऐकायला एकावन्न वर्षं लागली. यातली बरीचशी वर्षं आमच्या आमच्यातच गेली, ती दुसऱ्या कोणाच्या खात्यावर घालता येणार नाहीत.

माझा एक मामेभाऊ आहे. त्याच्या मते मी मुसलमान म्हणून कच्चा आहे. दर्ग्यावर जाणं त्याला मान्य नाही, गणपतीच्या मांडवातला मोदक मान्य नाही, आणि काकूंना भज्यांचं ताट देताना मी 'रामराम' म्हणतो ते तर अजिबातच मान्य नाही. म्हणजे गंमत बघा. ज्या कारणांसाठी नाक्यावर मी चांगला मुसलमान ठरतो, त्याच कारणांसाठी मामेभावाच्या वहीत मी नापास होतो. दोन्हीकडचे परीक्षक कडक आहेत. पेपर कोणी काढला, ते कोणी सांगत नाही.

मामेभावाला सर्वांत जास्त खटकतो तो माझा प्रतापगडचा नेम. हा प्रतापगड साताऱ्याचा नाही, आमचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अंगाला असलेला जुना डोंगरी किल्ला. तिथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनींच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून माणसं येतात. महादेवाला बेल वाहतात आणि दर्ग्यावर चादर. याला कोणी ऐक्य वगैरे म्हणत नाही. एवढा चढ चढून वर आल्यावर एकालाच भेटून परत जाणं लोकांना बरं वाटत नाही, इतकंच. एकीने मुलीच्या लग्नाचा नवस महादेवाला केलेला असतो आणि मुलाच्या नोकरीचा ख्वाजांना. कामं वाटून दिली की एकावरच भार पडत नाही.

चिकित्सक माणसाला इथे अडचण येईल. ख्वाजा उस्मान हारूनी म्हणजे अजमेरच्या मोईनुद्दीन चिश्तींचे गुरू. तेराव्या शतकात त्यांचं देहावसान झालं ते मक्केत. मग ते अर्जुनी मोरगावात कसे? पण हाच प्रश्न महादेवालाही विचारावा लागेल. त्याचाही कायमचा पत्ता कैलासाचा. दोघेही मूळचे बाहेरचे, दोघांकडेही रहिवासी दाखला नाही, आणि आमच्या लोकांनी दोघांनाही डोंगरावरची हवेशीर जागा देऊन टाकली. तिथे शेजाऱ्यांची हरकत निघाली नाही. निघाली असती तरी ती एकमेकांकडेच मांडावी लागली असती.

या यात्रेत उभं राहून मी कधीकधी एक हिशेब करतो. 2011 च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात तेरा लाख बावीस हजार माणसं होती आणि त्यांत मुसलमान शंभरात दोनच्या आसपास. म्हणजे खेड्यात गेलं तर एखादं-दुसरं घर. बांगड्यांचं, शिलाईचं, पंक्चरचं, नाहीतर बकऱ्यांच्या व्यापाराचं. त्या गावाला विचारा. गाव सांगेल, "आमचे चाचा तसे नाहीत जी. पण बाकीचे..." पुढच्या गावात जा. तिथले चाचाही तसे नसतात. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, सडक अर्जुनी असा सगळा जिल्हा पालथा घातला तरी सगळीकडे अपवादच राहतात. नियमात बसणारा मुसलमान नेहमी पुढच्या गावाला असतो, आणि अलीकडे तर तो मोबाइलमध्येच राहायला गेला आहे. ज्याला त्या गावाचे लोक भेटलेले नाहीत, त्यालाच तो सगळ्यात जास्त माहीत असतो.

अपवाद असण्याचा मला आता कंटाळा आला आहे. फार जपून वागावं लागतं. मी कचरा चुकून रस्त्यावर टाकला तर तो शेख सरांचा कचरा राहत नाही, तो वीस कोटी लोकांचा होतो. मला रांगेत मध्येच घुसता येत नाही, रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करता येत नाही, सोसायटीच्या सभेत पेंगता येत नाही. शेजारचे काका हे सगळं करतात आणि लोक म्हणतात, "काका जरा तसेच आहेत." मला एवढंच हवं आहे. माझ्या आळसाबद्दल लोकांनी मला आळशी म्हणावं आणि विषय तिथेच संपावा. माझी थोरवी कोणी गाऊ नये, माझ्या चुका कोणी मोहल्ल्यावर चढवू नयेत. संविधानाच्या पंधराव्या कलमाने धर्मावरून भेदभाव करायला राज्याला मनाई केली आहे. उरलेली मनाई आपण आपल्याला करायची असते आणि तिला कलम नसतं.

म्हणून ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे त्यांना माझी विनंती आहे. भाडेकरूशी भाडं ठरवा. अनामत रक्कम घ्या, करारनामा नोंदवा, पोलिसांकडे त्याची माहिती द्या, गिझरची वेळ सांगा. त्याने दोन महिने भाडं थकवलं, भिंतीला खिळे ठोकले, रात्री मोठ्याने गाणी लावली, तर बेशक सामानासकट बाहेर काढा, मी साक्षीला येईन. फक्त काढण्याआधी एकदा आत घ्या.